बैठकीची चावी कुणाकडे?

गेल्या वर्षी कार्यकर्त्यांच्या एका शिबिरात प्रत्येकीने आपल्या भागातल्या कामाविषयी थोडक्यात सांगायचे होते. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितले की कर्जत आणि खालापूर तालुक्यांत मिळून सात ठिकाणी आमच्या बायांच्या बैठका दर महिन्याला होतात. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारले, "नियमित होतात का गं?" मी "हो, अगदी नियमित" असे म्हणून खाली बसले. टाळ्याही पडल्या.

ते उत्तर पूर्ण खरे नव्हते, आणि ते का खरे नव्हते हे मला तेव्हाही माहीत होते. मैत्रिणींनो, आपण बलात्कारावर, हुंड्यावर, आरक्षणावर भरपूर लिहितो. बैठक कशी घ्यावी यावर मात्र फारसे लिहीत नाही, कारण तो किरकोळ व्यवस्थेचा प्रश्न वाटतो. मलाही तसेच वाटत होते. एका बाईने माझा हा समज मोडला, आणि तो मोडण्यासाठी तिला काही बोलावेही लागले नाही.

कर्जतच्या पूर्वेला, भीमाशंकरच्या डोंगराकडे तोंड करून असलेल्या एका गावच्या समाजमंदिरात आमची बैठक भरते. आजूबाजूच्या तीन वाड्यांवरच्या ठाकर आणि कातकरी बाया तिथे येतात. समाजमंदिराची चावी 'संस्थेच्या ताईंकडे', म्हणजे माझ्याकडे होती. मला त्याचे भूषण वाटे. एका महिन्यात अहवाल पाठवायची तारीख आणि बैठक एकाच दिवशी आली. मी आदल्या रात्री मोबाईलवर निरोप टाकला की उद्याची बैठक रद्द, पुढची तारीख कळवते. निरोप ज्या फोनवर गेला ते बहुतेक फोन नवऱ्यांचे नाही तर मुलांचे. ओढ्यापलीकडच्या कातकरवाडीवर तर तो पोचलाच नाही.

तिथली एक बाई दुसऱ्या दिवशी तासभर चालत आली. कडेवर पोर होते. कुलूप बघून ती पायरीवर बसली आणि चार वाजेपर्यंत बसून राहिली. अंगणवाडीच्या मदतनीस बाईंनी मला हे आठवड्याने सांगितले. मी वाडीवर गेले, माफी मागितली, विचारले, "काही सांगायचं होतं का?" ती म्हणाली, "नाय ताई, अशीच आलेली." त्या दिवशी तिने मजुरीचा खाडा केला होता. खाडा करून, पोर घेऊन, तासभर चालून कुणी अशीच येत नाही. काय सांगायचे होते ते तिने मला पुढेही सांगितले नाही. दिवाळीनंतर ते कुटुंब वीटभट्टीवर गेले.

एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात आम्हाला गटकार्य हा विषय होता. गटाच्या अवस्था, गटप्रमुखाची भूमिका, सगळे पाठ होते. बैठक रद्द करणे म्हणजे काय करणे, हे त्या पायरीवर कळले. आपल्याला ती कामाच्या यादीतली एक गोष्ट असते. कुणा एकीने मात्र महिनाभर मनाशी वाक्ये जुळवून तो दिवस धरून ठेवलेला असतो. ती कोण, हे आपल्याला आधी कधीच कळत नाही. म्हणून बैठक व्हायलाच हवी, पाच जणी आल्या तरी आणि ताई आली नाही तरी.

तर दिवसापासून सुरुवात करते. आमच्या आधीच्या पिढीतल्या कार्यकर्त्या बहुतेक बैठका रविवारी घेत. पुष्कळ जणी नोकरी सांभाळून काम करत, त्यांना तोच वार मोकळा. ती सवय आम्ही तशीच उचलली. आज कर्जतमध्ये रविवार म्हणजे बायांच्या सर्वांत जास्त कामाचा वार आहे. शुक्रवार संध्याकाळपासून मुंबई-पुण्याच्या गाड्या फार्महाऊसवर आणि रिसॉर्टवर यायला लागतात. खोल्या झाडणे, भाकऱ्या थापणे, ढीगभर भांडी घासणे हे आमच्याच बाया करतात. ज्या जमिनीवर ती फार्महाऊस उभी आहेत तिथे त्यांच्यातल्या काही जणींच्या सासऱ्यांनी भात लावलेले आहे. त्यात रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. खालापूरकडची तऱ्हा वेगळी. खोपोलीच्या बाजूला कारखान्यांच्या पाळ्या, आणि कर्जत-खोपोली लाइन एकेरी, गाड्या मोजक्या. केळवली किंवा डोलवलीहून येणारी बाई घड्याळाला नाही, गाडीला बांधलेली असते. पाच मिनिटे उशिरा उठली तर घरी रात्र होते आणि पुढच्या महिन्यात तिला घरातून सोडत नाहीत.

तीन महिने ओळीने सहा-सात जणीच आल्यावर आम्ही वार ठरवणे सोडून विचारायला लागलो. "कधी जमेल" असे विचारले की बाया "तुम्ही म्हणाल तेव्हा" म्हणतात. म्हणून उलटे विचारले, "कधी मुळीच जमणार नाही?" मग भराभर उत्तरे आली. बाजाराचा दिवस नको. अमावास्या नको. सकाळ तर नकोच. एक आजी म्हणाली, रेशन येते त्या दिवशी नको, रांगेतला नंबर जातो. उरला महिन्यातला दुसरा बुधवार, दुपारी दोन ते चार. लसीकरणाच्या दिवसाला जोडून बैठक घ्यावी असेही सुचवले गेले होते, नर्सताई ठरल्या दिवशी येतातच. आम्ही करून पाहिले. लहान पोरांच्या आया तेवढ्या आल्या, म्हाताऱ्या आणि वयात आलेल्या मुली गळाल्या.

नियमितपणाचा अर्थ बारा महिने तेच, असा मी घेत नाही. आवणीच्या दिवसांत बैठक होत नाही आणि हे त्या आधीच्या बैठकीतच बोलून ठरते. एप्रिल-मे मध्ये वाड्यांवर टँकरची वाट बघत बसावे लागते, तेव्हा बैठक विहिरीजवळच्या आंब्याखाली भरते, हंडे शेजारी मांडलेले असतात. सगळ्यांना आधी ठाऊक असलेला खंड बैठकीला मारत नाही, आदल्या रात्री मोबाईलवर आलेला निरोप मारतो.

यावर कुणी म्हणेल, अडाणी बायांना तारीख-वेळ कुठली पाळता येणार? हे मी कार्यकर्त्यांच्या तोंडूनही ऐकले आहे. खालापूर तालुक्यातल्या कितीतरी गावांत बायांची भजनी मंडळे आहेत. एकादशीला संध्याकाळी देवळात टाळ वाजायला लागतात. कुणी निरोप देत नाही, भाडे देत नाही, फोटो काढत नाही. एखादी आजारी असली तर दुसरी पेटी सांभाळते.

आणि दुसरे उदाहरण आहे ते मला झोप येऊ देत नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत छोटी कर्जे देणाऱ्या कंपन्या वाड्यांपर्यंत पोचल्या आहेत. ठरलेल्या दिवशी, सकाळी, एका ओट्यावर बाया गोल करून बसतात. हप्ता गोळा करणारा मुलगा मोटरसायकलवरून येतो, नावे पुकारतो, पैसे मोजतो आणि जातो. एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्या जणींनी भरायचा, म्हणून बाकीच्या जणीच तिच्या दारात जाऊन उभ्या राहतात. गावातली सर्वांत वक्तशीर बैठक आज ही आहे. एका नव्या वाडीवर जाऊन मी म्हटले, "बुधवारी मिटिंग घेऊ या." एक ठाकरीण दचकून म्हणाली, "कितीचा हप्ता?"

म्हणजे नुसता नियमितपणा हा गुण नाही. गोल करून बसण्यालाही अर्थ नाही. आपण चळवळीत शिकवलेल्या कितीतरी गोष्टी, गोल बसा, नाव घेऊन बोलवा, एकमेकींची जबाबदारी घ्या, या वसुलीच्या कामाला फार चांगल्या लागू पडल्या आहेत.

बचत गटांबद्दल मी असे सरसकट बोलणार नाही. १९९२ मध्ये नाबार्डने गट बँकेशी जोडायला सुरुवात केली त्यानंतर कितीतरी बायांनी पहिल्यांदा बँकेची पायरी चढली. पण आमचा अनुभव असा की बचत आणि चर्चा एकाच बैठकीत ठेवली की बचत चर्चेला खाऊन टाकते. पासबुके, सह्या, व्याज, कुणाचे किती बाकी, यात दीड तास जातो. शेवटी "आता काही विषय?" असे कुणी विचारते तेव्हा अर्ध्या जणी पदर खोचून उठलेल्या असतात. आणि ज्या बाईचे पैसे भरायचे राहिले ती तर येतच नाही. जिच्या घरात नवरा पगार दारूत घालवतो, तिचेच पैसे राहतात. म्हणजे जिच्यासाठी बैठक आहे तीच बाहेर. आम्ही दोन्हींचे वार वेगळे केले. उपस्थिती लगेच घटली, हे कबूल करते. वर्षभर घटलेलीच होती.

पैशांऐवजी दुसरे काही हातात असले तर वेगळे होते का, असाही विचार मनात येतो. कशेळ्याच्या अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने १९८०च्या दशकात कर्जतच्या आदिवासी वाड्यांवर धान्य बँका सुरू केल्या. पावसाळ्यात धान्य उसने न्यायचे, पीक हाती आले की परत करायचे. तिथे एकत्र बसण्याचे कारण पोटाचे होते आणि त्याचा वेळ शेतीच्या हंगामाने ठरत होता. आमच्या बैठकीजवळ देण्यासारखे असे काही नाही. नुसते बोलणे आहे. नुसत्या बोलण्यासाठी बाईने दोन तास काढावेत ही मागणी मोठी आहे, हे आपण विसरू नये.

जागेचा प्रश्न मी सुरुवातीला सतरंजी किती मोठी हवी एवढाच समजत होते. देऊळ घेतले तर पाळी असलेल्या बाया बाहेर राहतात. कुणाच्या पडवीत बसलो तर त्या घरातले पुरुष आतल्या खोलीत बसून ऐकतात आणि त्या घरची सून तोंड उघडत नाही. समाजमंदिर म्हणावे तर ते ज्या आळीत आहे त्या आळीचे होऊन बसते. आमच्याकडे पहिले वर्षभर कातकरी बाया दाराशी, उंबऱ्याच्या आतबाहेर बसत. "आत या ना" असे मी प्रत्येक वेळी म्हणे आणि त्या "हितंच बरं हाय, वारा लागतो" म्हणत. मला वाटे, लाजतात. सतरंजी गावातल्या एका घरची होती, हे माझ्या लक्षात यायला वर्ष लागले.

सावित्रीबाई फुल्यांनी जानेवारी १८५२ मध्ये पुण्यात महिला सेवा मंडळातर्फे बायांचा तिळगूळ समारंभ घेतला. कोणत्याही जातीच्या बायांना एकाच जाजमावर बसवले जाईल, असे त्याच्या निमंत्रणातच छापले होते. म्हणजे जाजमाचा प्रश्न तेव्हाही सर्वांत पहिला होता आणि त्या बाईने तो गुळमुळीत न ठेवता कागदावर आणला. आम्ही पाच-पाच रुपये वर्गणी काढून एक ताडपत्री घेतली. ती कुणाच्याच घरची नाही, बैठकीची आहे. माझ्यासाठी ठेवत ती खुर्चीही काढून टाकली. दारातल्या बाया लगेच मध्ये येऊन बसल्या असे काही झाले नाही. आधी एक म्हातारी आली, गुडघे दुखतात, भिंत पाहिजे म्हणून.

चहाविषयी एकच सांगते. जिच्याकडे चहा, ती बाई चर्चेला नसते. आम्ही चहा बंद करून फुटाणे सुरू केले. एकाच पातेल्यात सगळ्यांचे हात जातात, हा त्यातला दुसरा फायदा.

आता प्रत्यक्ष बोलण्याकडे येते, कारण एवढे सगळे जमवून बायांना आणायचे आणि मग ताईने दीड तास बोलायचे, हा आपल्यातला जुना रोग आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५चा कायदा मी तक्ते लावून समजावला होता. संरक्षण अधिकारी कोण, अर्ज कुठे, सगळे. बाया माना डोलवत होत्या आणि मागच्या भिंतीला टेकून दोघी झोपल्या होत्या. पुढच्या महिन्यात मागच्या वेळी काय झाले असे विचारले तर एक म्हणाली, "ताईंनी खूप चांगलं सांगितलं." काय सांगितले ते कुणालाच आठवेना. आता आम्ही तिघींना विचारतो, मागच्या वेळी काय बोललो ते सांगा. तिघींचे सांगणे वेगळे निघते, त्यावरून वाद होतो, आणि बैठक सुरू होते. इतिवृत्ताची वही आहे, एक शिकलेली सून ती लिहिते. पण वही वाचून दाखवली की बाया गप्प बसतात. आठवून सांगायचे म्हटले की ज्यांना वाचता येत नाही त्या पुढे असतात.

विषय आधी ठरलेला असावा, पण तो सोडायची तयारीही हवी. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडी खालापूर तालुक्यातली, ठाकरांची. त्यानंतरच्या बैठकीला मी किशोरींच्या आरोग्याचे चित्रतक्ते घेऊन गेले होते, ते पिशवीतच राहिले. बराच वेळ कुणी काही बोलले नाही. मी काहीतरी धीराचे बोलायला लागले तेव्हा शेजारच्या आजीने माझ्या मांडीवर हात ठेवला, म्हणजे गप्प बस. मग एकीने तिच्या घरामागच्या उतारावर गेल्या वर्षीपासून भेग आहे असे सांगितले. दुसरीने झऱ्याचे पाणी गढूळ येते म्हणून सांगितले. भेग आधी पाहिलेली होती, बोललेली नव्हती, कारण घरात सांगितले तर "बाईला काय कळतंय." त्या दिवशी सहा घरांची यादी झाली, ती घेऊन बाया तहसील कार्यालयात गेल्या. जोराच्या पावसात त्या घरांनी रात्री शाळेत झोपायचे हेही ठरले. हा विषय मी कधीच काढला नसता.

बाहेर फुटणाऱ्या बोलण्याचे काय करावे याला आमच्याकडे अजून नीट उत्तर नाही. सासू आणि सून एकाच बैठकीला येतात. एकीने नवऱ्याच्या मारहाणीचे सांगितले ते संध्याकाळपर्यंत घरी पोचले होते आणि त्याचे जे व्हायचे ते झाले. त्यानंतर आम्ही शपथा घेतल्या, नियम केले. नियमांपेक्षा एक साधी गोष्ट थोडी उपयोगी पडली. बैठक संपल्यावर अर्धा तास मी आणि आणखी दोघी-तिघी ताडपत्री झटकत, घडी घालत तिथेच रेंगाळतो. जिला चारचौघींत बोलायचे नसते ती ताडपत्रीचे टोक धरायला येते.

आपल्या बैठकीतून शेवटी काय निघते, असे देणगीदार विचारतात, आणि कधीकधी आपण स्वतःलाही विचारतो. कायद्याप्रमाणे प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा व्हायला हवी. पुष्कळ ठिकाणी ती वहीत होते. शिपाई वही घरोघर फिरवतो, बाया अंगठे उठवतात. ग्रामसभेलाच एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी तेवढी माणसे लागतात. ती जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. वनहक्काच्या ग्रामसभेला मात्र २०१२च्या दुरुस्तीनंतर निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे पेसा कायद्याचे बळ आमच्या वाड्यांना नाही. जे आहे ते वनहक्क कायद्याचे. इथल्या दळीच्या जमिनी पिढ्यान्पिढ्या पुरुषांच्या नावाने सांगितल्या गेल्या; २००६च्या कायद्यात विवाहितांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा आहे. हे वाचून दाखवायला दोन मिनिटे लागतात. सभेत उभे राहून "माझं नाव कुठाय?" असे म्हणायला एका बाईला दोन वर्षे लागली, आणि ती दोन वर्षे ती दुसऱ्या बुधवारी ताडपत्रीवर आधी दोन वाक्ये, मग चार वाक्ये बोलत होती. सभेत तिचा आवाज कापत होता. पण बोलणे पुरे झाल्यावरच ती खाली बसली.

आता चावी. पायरीवरच्या त्या प्रकारानंतर मी चावी गावात दिली. पहिल्यांदा सरपंचबाईंकडे दिली, ती चूकच झाली, ती त्यांच्या मुलाच्या खिशात गेली. मग अंगणवाडीच्या मदतनीस बाईंकडे. आता ती तीन वाड्यांतून फिरते, ज्या वाडीची पाळी तिथल्या बाईने कुलूप उघडायचे, झाडायचे, ताडपत्री घालायची. मी मुद्दाम दोन महिन्यांतून एकदाच जाते. पहिल्यांदा गेले नाही त्या दिवशी नऊ जणी आल्या, वीस मिनिटे बसल्या आणि उठल्या. दुसऱ्यांदा एक तास. तिसऱ्यांदा आपसात भांडण झाले, तेही त्यांनीच मिटवले. कशावरून झाले ते मला अजून कुणी सांगितलेले नाही. मला वाईट वाटले, हे खोटे कशाला सांगू?

दिवाळी झाली की कातकरवाडी भट्ट्यांवर जाते आणि बैठकीतल्या सात-आठ जणी पावसाळ्याच्या तोंडापर्यंत दिसत नाहीत. हा खंड आम्ही आजवर हंगामी म्हणून सोडून दिला होता. या वर्षी आश्विनातल्या बैठकीत त्यांच्यातल्या एकीने विचारले, आम्ही तिकडे सहा जणी एकाच भट्टीवर असू, तिकडे बुधवार करायचा की नाही? भट्टीवर दुपारी सुट्टी नसते, मुकादम बसू देईल का, यावर बरेच बोलणे झाले. रात्री भाकऱ्या झाल्यावर चुलीपाशी बसायचे ठरले आहे. कुलूप नसल्याने तिकडे चावी लागणार नाही. ताडपत्री मात्र त्यांनी मागितली, आणि इकडच्या बायांनी दिली. इकडे सध्या गोणपाटांवर बसतो.